शाईला हात लावायच्या आधी शेजारचा रंग बघा

प्रिंटिंग लाईनमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी लिहितोय, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पहिल्या वर्षात बराच कागद वाचला असता. मी सांगलीत एका ऑफसेट प्रेसमध्ये लागलो, तिथं हळदीची पाकिटं आणि लग्नपत्रिका ही कामं जास्त. हळदीची पार्टी पिवळ्याच्या बाबतीत लई चोखंदळ, आणि ते बरोबरच आहे, गिऱ्हाईक पाकिटाच्या रंगावरनंच आतल्या मालाचा अंदाज बांधतं.

एका पार्टीनं डिझाईन बदललं. आधी पिवळा पट्टा गडद जांभळ्यावर होता, तो आता क्रीमवर घेतला, बाकी पिवळा तोच, शाई त्याच डब्यातली. पण पहिलं शीट हातात घेतलं तर पिवळा मळकट दिसायला लागला. मग मी यलो वाढव, मजेंटा कमी कर असं करत बसलो, शंभरेक शीटं वाया गेली तरी मन भरेना. शेवटी मशीनवरचे काका आले, म्हणाले, "शाईला हात लावू नगंस, आधी शेजारचं झाक." त्यांनी करड्या पुठ्ठ्याला रुपयाएवढी दोन भोकं पाडली, एका भोकाखाली जुन्या पाकिटाचा पट्टा धरला, दुसऱ्याखाली मी काहीच बदललं नव्हतं तेव्हाचं ते पहिलं शीट. दोन्ही पिवळे सेम! पुठ्ठा उचलला की परत वेगळे. चार-पाच वेळा करून बघितलं तेव्हा पटलं.

होतं असं की आपला डोळा एकटा रंग बघतच नाही, शेजाऱ्याशी तुलना करून बघतो आणि दोघांतला फरक वाढवून दाखवतो. गडद जांभळ्याशेजारी पिवळा उजळतो, क्रीमशेजारी तोच दबतो. पॅरिसच्या गोबेलिन्स या भिंतीवर लावायची चित्रं विणणाऱ्या कारखान्यात 1824 साली शेव्हरल नावाचा केमिस्ट रंगाई खात्याचा प्रमुख झाला, त्याच्याकडेही तक्रार हीच होती, काळा धागा फिका दिसतो म्हणून. त्यानं तपासलं तर धागा रंगवायच्या रंगात खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळं काळा मार खात होता. त्यावर त्यानं 1839 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

उजेडाचंही तसंच. छपाईत रंग तपासायला 5000 केल्विनचा उजेड धरतात (उजेड किती पिवळसर किंवा निळसर ते केल्विनमध्ये मोजतात), आपल्या नेहमीच्या पांढऱ्या ट्यूब बऱ्याचदा 6500 च्या, म्हणजे निळसर, आणि स्वस्त एलईडीत लाल नीट येत नाही. एकदा पत्रिकेचा मरून शालूच्या तुकड्याशी ट्यूबखाली तंतोतंत जुळवला, दारात नेला तर शालू एकीकडं, पत्रिका एकीकडं. याला मेटामेरिझम म्हणतात. मॅचिंग सेंटरात बायका ब्लाऊजपीस घेऊन दुकानाबाहेर उन्हात येतात ना, त्यांना हे नाव माहीत नसेल पण गोष्ट पक्की माहीत आहे.

तर टेबलाच्या आजूबाजूला करडा रंग ठेवा, आमची भिंत पिस्ता होती ती पहिल्यांदा रंगवून घेतली. भडक टीशर्ट घालून प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, बघू नका, त्याचा रंग कागदावर पडतो. लाल बराच वेळ बघितला असेल तर लगेच दुसरा रंग ठरवू नका, जरा करड्याकडं बघत थांबा. ओली शाई वाळली की शेड बदलते, ते वेगळंच. आणि पार्टीची ओकेची सही घेताना प्रूफ कुठल्या उजेडात बघितलं ते मागं लिहून घ्या, ‘दुकान, ट्यूब’ किंवा ‘बाहेर, दुपारी 12’, आम्ही आता त्याशिवाय प्लेट लावत नाही.