पार्किन्सन्समध्ये खाण्यापिण्याच्या या चुका टाळा

"गोळी आता लागू पडत नाही." पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या घरची ही ठरलेली तक्रार. मी विचारते, गोळी कशाबरोबर घेता? उत्तरही ठरलेलं: दुधाबरोबर.

ही गोळी म्हणजे लेव्होडोपा, या आजाराचं मुख्य औषध. ते मुळात अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांच्याच जातीचं. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायची त्याची वाट आणि प्रथिनांतल्या काही अमिनो आम्लांची वाट एकच. दोघं एकदम आले की दाराशी रेटारेटी होते आणि गोळी मागे राहते. म्हणून जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, साध्या पाण्याबरोबर. मळमळत असेल तर एखादं कोरडं बिस्किट चालतं. आजार नवा असताना हा फरक फारसा जाणवत नाही. तेव्हा उगाच घड्याळ घेऊन बसू नका.

एका काकांचे पाय भर सकाळी जमिनीला चिकटायचे. डोस वाढवायचं जवळजवळ ठरलं होतं. मुलीला म्हटलं, आधी वही घाल: गोळी कधी, खाणं कधी, पाय कधी अडले. वहीत दिसलं ते असं: सकाळची गोळी आणि प्रोटीन पावडर घातलेलं दूध, दोन्ही एकाच वेळी. "अशक्तपणा वाटतो ना!" दुधाची वेळ बदलली, डोस होता तोच राहिला. पण कथा इथे संपली नाही. मुलाने कुठेतरी अर्धवट वाचलं आणि अंडी, डाळ, दूध सगळंच बंद केलं. पुढच्या खेपेला काकांची पँट पट्ट्यावर लोंबत होती. अहो, प्रथिन तोडायचं नसतं, त्याची वेळ हलवायची असते! गोळीच्या असरात दिवसा फार चढउतार होत असतील तर प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात न्यावा, तोही डॉक्टरांना विचारून.

लोहाची गोळी लेव्होडोपासोबत नको. दोन तास तरी अंतर ठेवा.

बद्धकोष्ठता आजाराचाच भाग आहे, पण म्हणून सोसत बसू नका. पाणी, तंतुमय पदार्थ आणि गरज पडली तर औषध.

"नसांसाठी" म्हणून बी-६ जीवनसत्त्वाचे मोठे डोस महिनोन्महिने घेणाऱ्यांना काय म्हणावं? त्याच्या अतिरेकाने नसाच बिघडतात.

आणि ठसका लागतो म्हणून पाणीच कमी करणं. आधीच रक्तदाब उभं राहताना घसरतो, त्यात ही भर. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून करून घ्या. तोवर ताठ बसवून, टीव्ही बंद करून, छोटे घोट द्या.