वीज पडलेल्या माणसाला हात लावण्यास घाबरू नका : सोंगणीच्या दिवसांतील सल्ला

परतीच्या पावसात विदर्भात सोयाबीनची सोंगणी चालू असते आणि दुपारनंतर आभाळ भरून आले की गंजीवर ताडपत्री टाकण्यासाठी घरातले सगळेच वावरात धावतात. नेमक्या याच वेळी विजेचा धोका मोठा असतो. गडगडाट ऐकू येताच गंजी तशीच सोडून पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. धुऱ्यावरचा निंब, चारही बाजूंनी उघडे टिनाचे शेड किंवा ट्रॅक्टर हा आसरा नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजांची सूचना देते; ते मोबाइलमध्ये अवश्य ठेवावे.

तरीही कोणावर वीज पडलीच, तर त्याच्या अंगात करंट राहिला असेल या भीतीने लोक लांब उभे राहतात. शरीरात वीज शिल्लक राहत नाही, त्यामुळे त्याला लगेच हात लावता येतो. जवळ महावितरणची तार तुटून पडली असेल तरच थांबावे. विजेच्या धक्क्याने हृदय एकदम बंद पडते आणि मेंदूतील श्वासाचे केंद्रही बधिर होते. हृदय पुष्कळदा आपोआप पुन्हा सुरू होते, पण श्वास लवकर सुरू होत नाही, आणि प्राणवायूअभावी तेच हृदय दुसऱ्यांदा थांबते. माणूस दगावतो तो बहुधा या मधल्या वेळात, आणि ही वेळ शेजारी उभ्या असलेल्याच्याच हाती असते.

म्हणून एका झाडाखाली चार मजूर सापडले असतील, तर कण्हणाऱ्याकडे नव्हे, निपचित पडलेल्याकडे आधी जावे. जो कण्हतो त्याचा श्वास चालू आहे. एकाने १०८ क्रमांकावर फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहाताने ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावेत. दर ३० दाबांनंतर नाक चिमटीत धरून तोंडाने २ श्वास द्यावेत. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतात किंवा पाय थंड, निळे पडले आहेत, एवढ्यावरून माणूस गेला असे ठरवू नये; विजेने हातपाय काही तास लुळे पडतात आणि पुष्कळदा पूर्ववत होतात. विजा चालूच असतील तर जखमीला आधी आडोशाला न्यावे, मात्र मान वाकू देऊ नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. शेणात किंवा मातीत पुरून ठेवण्याचा उपाय काही भागांत आजही केला जातो; त्यात मोलाची मिनिटे जातात आणि भाजलेल्या जागी जंतुसंसर्ग होतो, म्हणून तो कटाक्षाने टाळावा.

अंगावर नेच्याच्या पानासारखी लाल नक्षी उमटल्यास घाबरू नये, ती साधारण दिवसभरात जाते. गळ्यातील पोत किंवा पायातील जोडव्यांखाली मात्र कातडी खोलवर भाजलेली असू शकते. तेथे हळद किंवा टूथपेस्ट न लावता स्वच्छ कापड झाकावे.

शुद्धीवर असलेल्यालाही ग्रामीण रुग्णालयात नेऊन ईसीजी काढून घ्यावा. बाई गरोदर असेल तर बाळाचीही तपासणी करून घ्यावी. कानाचा पडदा फाटणे, विसराळूपणा, झोप न येणे अशा तक्रारी पुढेही राहू शकतात. मोतीबिंदू तर काही महिन्यांनीही होतो, तेव्हा नजर अंधुक झाल्यास वीज पडल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.