कुत्र्याचे वजन कारणाशिवाय घटू लागल्यास
आहार किंवा व्यायाम न बदलता कुत्र्याचे वजन सुमारे 10 टक्क्यांनी घटले, तर पशुवैद्यकाकडे जाण्यास उशीर करू नये. घरच्या काट्यावर आधी कुत्र्याला उचलून घेऊन व मग एकट्याने उभे राहावे. दोन्ही वजनांतील फरक दर आठवड्याला लिहून ठेवावा. दाट केसांच्या कुत्र्याबाबत डोळ्यांवर विसंबू नये, बरगड्यांवरून हात फिरवून पाहावे.

सर्वांत उपयोगी धागा भुकेचा. भरपूर खाऊनही कुत्रा वाळत असेल, तर जंत, मधुमेह किंवा स्वादुपिंडातील पाचक विकरांची कमतरता संभवते. या शेवटच्या विकारात विष्ठा फिकट, तेलकट आणि पुष्कळ असते. तहान व लघवी मधुमेहात वाढते, तशीच मूत्रपिंडाच्या विकारातही, पण तेथे भूक सहसा मंदावते. वाडग्यापाशी येऊन, वास घेऊन कुत्रा मागे फिरत असेल, तर मळमळ किंवा दातदुखीची शंका घ्यावी.

आपल्याकडे गोचीड-तापाचा विचार व्हायलाच हवा. एर्लिकिया जिवाणूंच्या जुनाट संसर्गात ताप नसतानाही वजन उतरू शकते, म्हणून कानांच्या आत व बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधाव्यात. न सापडल्या तरी रक्ततपासणी टाळू नये.

दवाखान्यात जाताना ताज्या विष्ठेचा नमुना आणि वजनाची नोंद सोबत न्यावी.