मोडलेल्या पेनड्राइव्हमधून फाइली परत मिळवताना

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास जळगाव-भुसावळकडे लग्नांची धांदल उडते आणि लग्नाचे शूटिंग पेनड्राइव्हवर घरोघरी पोचते. त्यातले काही पेनड्राइव्ह, संगणकाला लावलेले असताना पायाचा धक्का लागून वाकलेल्या तोंडाने, पावसाळ्याआधीच माझ्या टेबलावर येतात. ज्याने पेनड्राइव्ह मोडल्यावर काहीही केलेले नसते, त्याचे काम बहुधा होते. ज्याने चार संगणकांना लावून, दाबून, हलवून पाहिलेले असते, त्याचे काम अवघड होऊन बसते.

पेनड्राइव्हच्या आत मुख्यतः एक हिरवी पट्टी असते. तिच्यावर माहिती साठवणारी नँड मेमरी चिप असते, कोणती माहिती कुठे ठेवली याचा हिशेब सांभाळणारी कंट्रोलर चिप असते आणि एका टोकाला संगणकात शिरणारे धातूचे तोंड असते. यांपैकी नेमके काय बिघडले आहे हे आधी ओळखावे. तोंड हलते आहे आणि संगणक काहीच दाखवत नाही, तर दोष जोडणीत असण्याचा संभव मोठा. संगणकाला पेनड्राइव्ह दिसतो, क्षमताही बरोबर दिसते, पण ‘फॉरमॅट करा’ असा संदेश येतो, तर चिपा शाबूत असून फाइलींची अनुक्रमणिका खराब झालेली असते. तेथे फॉरमॅटला होकार देऊ नये. क्षमता शून्य दिसत असेल किंवा ‘मीडिया नाही’ असे येत असेल, तर कंट्रोलरला मेमरीशी बोलता येत नाही आणि घरगुती उपाय तेथेच संपतात. पेनड्राइव्ह उघडतो पण त्यावर काही लिहिता येत नाही, असे असेल तर ते कुलूप काढण्याचे उपाय शोधत बसू नये. झिजलेल्या मेमरीला वाचवण्यासाठी अनेकदा कंट्रोलरनेच ते लावलेले असते, म्हणून आधी सर्व फाइली उतरवून घ्याव्यात.

तुटलेल्या जोडणीचे काम मात्र हाताचे आहे. प्लास्टिकचे आवरण पातळ पात्याने शिवणीवरून उघडावे आणि तोंड पट्टीला जोडणारे सोल्डरचे चार टाके भिंगाखाली पाहावेत. साध्या, जुन्या पद्धतीच्या यूएसबी तोंडात बाहेरच्या दोन पट्ट्या विजेच्या असतात, एक ५ व्होल्टची आणि दुसरी अर्थिंगची. मधल्या दोन माहितीच्या. टाका नुसता तडकलेला असेल तर थोडा फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावे म्हणून लावायचा लेप) लावून टोकदार सोल्डरिंग आयर्नने तो पुन्हा वितळवला की भागते. तोंड पूर्ण निखळले असेल तर जुनी यूएसबी केबल कापून तिच्या चार तारा थेट पट्टीवर जोडाव्यात. नेहमीच्या रंगांप्रमाणे लाल तार ५ व्होल्टची, पांढरी व हिरवी माहितीच्या आणि काळी अर्थिंगची असते, परंतु स्वस्त केबलींत हे रंग पाळले जातातच असे नाही, म्हणून प्रत्येक तार मल्टिमीटरने केबलच्या दुसऱ्या टोकाशी ताडून पाहावी. लाल-काळीची अदलाबदल झाली तर कंट्रोलर क्षणात जळू शकतो. आयर्न एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये. माझ्याच हातून एकदा मधला तांब्याचा ठिपका उखडला आणि मग पट्टीवरचा हिरवा लेप ब्लेडने खरवडून, केसाएवढ्या रेषेवर तार बसवताना अख्खी दुपार गेली. ज्याने कधी सोल्डरिंग केलेले नाही त्याने पहिला हात टाकाऊ पेनड्राइव्हवर बसवावा.

पेनड्राइव्ह दिसू लागला की लगेच फाइली उघडून पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची ती अनुक्रमणिका, धडपणे उघडत नसेल तर लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने आधी संपूर्ण प्रत, म्हणजे इमेज, काढावी. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उतरवते, अडलेल्या जागांकडे नंतर वळते आणि सोबत नोंदीची फाइल ठेवल्यास मध्येच वीज गेली तरी तेथून पुढे सुरू होते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ही सोय लहान नाही. मूळ आणि लक्ष्य यांची नावे उलटी दिली तर सगळेच पुसले जाईल, म्हणून क्षमता पाहून नावाची दोनदा खात्री करावी. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर चारच फोटो असले तरी इमेज पूर्ण ३२ जीबीची होते, आणि फॅट ३२ पद्धतीच्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, हे जागा निवडताना ध्यानात ठेवावे.

यापुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. टेस्टडिस्क हे मोफत साधन हरवलेले विभाजन (पार्टिशन) शोधते. त्याने भागले तर फाइलींची नावे व फोल्डरही परत मिळतात. नाहीच जमले तर त्याच्या जोडीचे फोटोरेक फाइलींच्या ठरावीक खुणा पाहून त्या वेचते, पण नावे मिळत नाहीत, आणि तुकड्यातुकड्यांत साठवलेले लांब व्हिडिओ अर्धवट येऊ शकतात. मिळालेल्या वर्ड फाइलींत इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर त्या खराब झाल्या असे समजून पुसू नयेत. जुनी मराठी पत्रे, संस्थांची इतिवृत्ते श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेली असतात. तो फाँट संगणकावर बसवला की मजकूर वाचता येतो.

पट्टीच तडकली असेल, चिप जळाली असेल, किंवा पेनड्राइव्ह नखाएवढा असून मेमरी व कंट्रोलर एकाच काळ्या तुकड्यात ओतलेले असतील, तर स्वतः हात घालू नये. मेमरी चिप काढून दुसऱ्या पट्टीवर बसवली की काम होईल असे पुष्कळांना वाटते, परंतु कंट्रोलर माहिती विशिष्ट रीतीने विस्कटून आणि चिपभर पांगवून ठेवतो, त्यामुळे ती पुन्हा जुळवायला प्रयोगशाळाच लागते. तेथे पाठवण्यापूर्वी माहिती न मिळाल्यास किती पैसे द्यावे लागतील हे लेखी घ्यावे, आपण आधी काय काय करून पाहिले ते न लपवता सांगावे, आणि निखळलेले तुकडे टाकून न देता त्याच पाकिटात ठेवावेत.