उपवासाची उपासमार होऊ नये म्हणून या चुका टाळा

शारदीय नवरात्रात घट बसले की मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत कोणीतरी उपवास धरतेच. कोणी उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या माळेला धरतो. कोणी नऊ दिवस फराळावर काढतो, तर कोणी ‘निरंकार’, म्हणजे केवळ पाण्यावर राहतो. अशा माणसाबद्दल घरचे सांगतात, ‘दोन दिवसांपासून उपाशी आहे’, आणि ज्याच्या घरात दाणा नाही त्याच्याबद्दलही नेमके हेच वाक्य वापरतात. भाषेने दोघांना एकच शब्द दिल्यामुळे समजुतीतही घोळ होतो. काहींना एक जेवण चुकले तरी शरीर खंगेल अशी भीती वाटते, तर काही जण व्रताच्या नावाखाली खरोखरच स्वतःची उपासमार करून घेतात. यातली दुसरी चूक अधिक महागात पडते.

एक वेळ चुकली म्हणजे उपासमार झाली, असे मानणे

जुन्या शेतकरी घरात डब्यातले पीठ संपले की कणगीतली ज्वारी निघत असे, आणि कणगीही रिकामी झाली की नाइलाजाने बियाणाला हात लागत असे. शरीराचा व्यवहार बराचसा असाच चालतो. शेवटच्या जेवणानंतर काही तास त्या अन्नातली साखर पुरते. त्यानंतर यकृतात साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, खर्ची पडू लागतो, पण तो साठा साधारण शंभर ग्रॅमच्या आसपासच असल्यामुळे दिवसभरात जवळजवळ संपतो. मग कणगी उघडते, म्हणजे चरबी वितळू लागते आणि यकृत तिच्यापासून कीटोन नावाचे पर्यायी इंधन तयार करते. मेंदूला एरवी दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. सुरुवातीला त्यासाठी स्नायूंतली थोडी प्रथिनेही मोडली जातात, परंतु उपवास लांबला तर मेंदूची बरीचशी गरज कीटोन भागवतात आणि स्नायूंची झीज मंदावते. याचा अर्थ असा की धडधाकट माणसाच्या एकादशीला किंवा सोमवारला उपासमार म्हणण्याचे कारण नाही, कारण तो त्या दिवशी डब्यातले पीठ वापरत असतो. उपासमार सुरू होते ती कणगी रिकामी होऊन बियाणे, म्हणजे स्नायू आणि अखेरीस हृदयाचा स्नायूसुद्धा, खर्ची पडू लागल्यावर.

केवळ उपाशी राहिलेले तास मोजणे

उपासमारीसाठी ताट रिकामेच असावे लागते असे नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे रोज जेवण दिले होते; ते फक्त सुमारे १,५७० कॅलरींचे होते, म्हणजे गरजेच्या जवळपास निम्मे. त्यांचे वजन सरासरी चौथाईने घटले, चयापचय मंदावला, पायांवर सूज आली, आणि चिडचिड, उदासी व अन्नाचाच अखंड विचार यांनी त्यांना घेरले. त्यांच्यापैकी कोणीही एक दिवससुद्धा ‘उपाशी’ नव्हता.

मराठवाड्याला हे परक्या देशातून शिकण्याची गरज नव्हती. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल वडीलधारी माणसे आजही सांगतात ती मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीबद्दल आणि खडी फोडण्याच्या कामावर मिळणाऱ्या सुकडी नावाच्या कोरड्या खाऊबद्दल. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसे होती. पोटात काहीतरी जात होते, पण उन्हातल्या कष्टाच्या मानाने ते अपुरे होते आणि हे कधी संपेल याची तारीख कोणाकडेच नव्हती. उपवासाला पारणे असते आणि त्याची तिथी आधीच ठाऊक असते. उपासमारीच्या संदर्भात पारणे हा शब्द कोणी उच्चारतही नाही.

म्हणून उपवास धरण्यापूर्वी तास मोजण्याऐवजी आपली कणगी पाहावी. सर्वांना वाढून उरलेले खाणारी बाई, ऊसतोडीवरून अंग झिजवून परतलेली मजूर स्त्री, रक्त कमी असलेली मुलगी, ज्यांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) १८.५ पेक्षा कमी आहे अशी माणसे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता आणि वाढत्या वयाची मुले यांनी कडक उपवास धरणे म्हणजे पीठ नसलेल्या घरात थेट बियाणे दळणे होय. माझे निरीक्षण असे आहे की आपल्याकडे सर्वांत कडक उपवास बहुधा याच बाया धरतात, आणि घरातले लोक त्याचे कौतुक करतात.

देवासाठी धरला आहे, मग काही होणार नाही, असे समजणे

हेतू यकृताला कळत नाही. क्रांतिकारक जतींद्रनाथ दास यांचे उपोषण स्वेच्छेचे आणि थोर हेतूचे होते, तरी ६३ दिवसांनंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी लाहोरच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. स्वेच्छेचा शरीराला उपयोग एवढाच की थांबणे आपल्या हातात असते. ते हातात असूनही जो थांबत नाही, त्याच्या शरीरात जे घडते ते दुष्काळातल्या माणसाच्या शरीरात घडते त्याहून वेगळे नसते. उभे राहताच अंधारी येणे, छातीत धडधडणे, लघवी गडद आणि अगदी थोडी होणे, बोलण्यात असंबद्धपणा येणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी उपवास सोडावा.

औषधे नेहमीप्रमाणे चालू ठेवणे किंवा मनानेच बंद करणे

मधुमेहाच्या रुग्णाने इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. मधुमेहाच्याच डापाग्लिफ्लोझिन गटातील गोळ्यांवर असलेल्यांना उपवासात साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोनचे प्रमाण घातक होऊ शकते. नवरात्राच्या किंवा रमजानच्या आधी, मध्ये नव्हे, डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी. घाम सुटून हातपाय थरथरू लागले किंवा रक्तातली साखर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली गेली, तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजातून सवलत आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

पाणीही सोडणे

अन्नावाचून माणूस काही आठवडे तग धरू शकतो, पण पाण्यावाचून जेमतेम काही दिवस. चैत्रातल्या नवरात्रात आपल्याकडे पारा अनेकदा चाळिशीच्या आसपास जातो. अशा वेळी शेतात राबणाऱ्याने निर्जळी उपवास धरू नये.

फराळाचा हिशेब न करणे

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण थट्टेची असली तरी तीत तथ्य आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० कॅलरी असतात, प्रथिने मात्र एक ग्रॅमही नसतात. नऊ दिवस खिचडी, बटाटा आणि चहा यांवर राहणाऱ्याचे पोट भरलेले असते, तरीही प्रथिनांच्या बाबतीत तो उपाशीच राहतो. दूध, दही, राजगिरा आणि शेंगदाण्याची आमटी यांनी ही उणीव बरीच भरून निघते.

भगरीबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. दमट हवेत भगरीवर, विशेषतः तिच्या पिठावर, बुरशी धरते आणि त्या पिठाच्या भाकरी खाऊन चक्कर, उलट्या, अंग थरथरणे असे प्रकार दर सणाला कुठे ना कुठे घडतात. सुटे पीठ आणू नये. पाकीटबंद भगर तारीख पाहून घ्यावी, निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच घरी दळावी.

पारण्याला पुरणपोळीवर तुटून पडणे

एका दिवसाच्या उपवासानंतर याची चिंता नको. मात्र पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाने, त्यातही जो मुळात कृश आहे त्याने, एकदम गोड आणि भरपेट जेवल्यास इन्सुलिन झपाट्याने वाढते, रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दुसऱ्या महायुद्धातून सुटलेल्या उपासमारग्रस्त कैद्यांपैकी काही जण पोटभर अन्न मिळाल्यानंतरच दगावले, ते याच कारणाने. नऊ दिवस निरंकार राहिलेल्याने पहिल्या दिवशी ताक, मुगाचे पातळ वरण, मऊ भात असे थोडे थोडे पाच-सहा वेळा घ्यावे आणि नेहमीच्या जेवणावर येण्यास तीन-चार दिवस लावावेत. या दिवसांत पायांवर सूज आली, धाप लागली किंवा विलक्षण अशक्तपणा वाटला, तर सलाइन लावून घेण्यापूर्वी डॉक्टरांना किती दिवस उपाशी होता हे आवर्जून सांगावे, कारण ग्लुकोजचे सलाइन अशा वेळी अपाय करू शकते.