चीज घालण्याआधी गॅस बंद करा

हॉटेल मॅनेजमेंटला नुकतीच गेलेली किंवा घरून ऑर्डरी घ्यायला लागलेली आपल्याकडची पोरं-पोरी मला बहुतेक एकाच प्रकारचा फोटो पाठवतात. काचेच्या भांड्यात चीज सॉस घातलेला फ्लॉवर, वर पिवळं तेल तरंगतंय, खाली रवाळ चोथा. सोबत एक ओळ: "दादा, माप तर बरोबर होतं." माप बरोबरच असतं. तो फोटो बघितला की माझ्या पोटात आजही गोळा येतो, कारण असंच एक पातेलं माझ्या हातून वाया गेलेलं आहे.

मी परभणी जिल्ह्यातला, सेलूकडचा. डिप्लोमा झाल्यावर तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका हॉटेलच्या किचनमध्ये लागलो. अजिंठा-वेरूळ बघायला आलेले परदेशी पाहुणे संध्याकाळी थकून यायचे आणि त्यांना तिखट नको असायचं. मग वाफवलेला फ्लॉवर, गाजर, फरसबी आणि वर चीज सॉस. सोमवारी अजिंठा बंद असतं, त्यामुळे त्या दिवशी सगळे ग्रुप वेरूळला. वेरूळ शहरापासून 30 किलोमीटरच, म्हणून पाहुणे लवकर परतायचे आणि किचनमध्ये दुपारपासूनच घाई सुरू व्हायची. माझा सॉस फुटला तो असाच एक सोमवार होता.

त्याआधी मी खोलीवर भरपूर सराव केला होता. चीजच्या 200 ग्रॅमच्या डब्यात 25 ग्रॅमचे आठ क्यूब येतात. पगारातून दर आठवड्याला एक डबा घ्यायचो. लोण्यात मैदा परतायचा, दूध ओतायचं, क्यूब किसून टाकायचे आणि छान रटरट उकळायचं. दर वेळी सॉस गुळगुळीत व्हायचा. मला वाटलं, जमलं.

हॉटेलात त्या दिवशी चेडर नावाच्या चीजची वीट समोर आली. तीच रीत, तोच हात. चार लिटर दुधाचा सॉस रटरटत असताना मी किसलेलं चेडर ओतलं आणि वर पुन्हा एक उकळी काढली. दोन मिनिटांत कडेने तेल सुटलं, मधे दाणे. शेफनी पातेलं उचलून सिंकमध्ये रिकामं केलं आणि माझ्याकडे पाठ करून स्वतः नवा सॉस लावला. पुढचे तीन महिने मला सॉसच्या शेगडीजवळ उभं राहू दिलं नाही. त्यांनी "गॅस बंद कर, मग घाल" एवढे पाच शब्द सांगितले असते तर ते तीन महिने वाचले असते. कारण न सांगणारा माणूस कितीही मोठा कारागीर असला तरी त्याच्याकडे फार दिवस थांबू नये, हे माझं ठाम मत आहे. थांबावंच लागलं तर त्याच्या तोंडाकडे बघू नका, हातांकडे बघा. आमच्या शेफचा हात चीज घालण्याआधी गॅसच्या बटणाकडे जायचा. ते दिसायला मला महिना लागला.

आता हेच नीट समजून घ्या. बाकी काही विसरलात तरी चालेल.

चीज म्हणजे दुधातल्या प्रथिनांची जाळी आणि त्या जाळीत अडकलेली चरबी आणि पाणी. चेडर साधारण 65 अंशांच्या आसपास सैल होऊन वितळतं. तिथंच थांबलात तर चरबी आणि पाणी सॉसमध्ये एकजीव होतात. आच वाढत गेली की जाळी आवळते, ओलं फडकं पिळावं तसं चरबी आणि पाणी बाहेर फेकते आणि स्वतः दाणे होऊन बसते. तरंगणारं तेल आणि खालचा चोथा म्हणजे हेच.

मग माझे क्यूब का फुटले नाहीत? कारण क्यूब हे प्रक्रिया केलेलं चीज. स्वित्झर्लंडमध्ये 1911 साली वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी चीज सायट्रेटच्या क्षारासोबत वितळवून पाहिलं आणि ते फुटेनासं झालं. हा क्षार जाळीतलं कॅल्शियम स्वतःकडे ओढतो, प्रथिनं मोकळी होतात आणि चरबीला धरून ठेवतात. डब्याच्या मागच्या बाजूला इमल्सिफायर, म्हणजे चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, लिहिलेलं असतं. 331 हा आकडा दिसला तर ते सोडियम सायट्रेट. म्हणजे माझी चूक पहिल्या दिवसापासून होती, क्यूब ती झाकत होता. तुमचंही तसंच होत असेल. घरी क्यूबवर जमतं, मग कुणीतरी पुण्याहून चांगलं चेडर आणून देतं आणि पाहुण्यांसमोर घात होतो.

आणि यात आपल्या सवयीचा वाटा मोठा आहे. आपण उकळीची माणसं. आमटीला उकळी, पिठल्याला उकळी, दुधाला उकळी. उकळी आली नाही तर पदार्थ कच्चा, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. गंमत अशी की या सॉसमध्ये उकळी लागतेच, फक्त चीजच्या आधी. मैद्याचा दाटपणा पूर्ण यायला 90 अंशांच्या पुढे जावं लागतं, नाहीतर सॉस पातळ राहतो आणि कच्चट पिठाची चव येते. उकळी दूध-मैद्याची, चीज उकळीनंतर. एकाच पातेल्यात दोन वेगवेगळे स्वभाव आहेत, त्यांना एकच वागणूक देऊ नका.

चार जणांच्या भाजीला मी 250 मिलिलिटर दूध, 15 ग्रॅम लोणी, 15 ग्रॅम मैदा आणि 75 ग्रॅम चीज घेतो. लोणी मंद आचेवर वितळलं की मैदा टाकून दोन मिनिटं परता. बेसनाच्या लाडवासारखं खमंग भाजायचं नाही. रंग बदलायच्या आत, कच्चा वास गेला की पुरे. कोमट दूध आधी अर्धी वाटीच घाला आणि गुठळ्या मोडून लापशीसारखं करा, मग उरलेलं. ज्याला पिठलं जमतं त्याला हे सांगावं लागत नाही. सुट्टीत घरी मी हा सॉस करत होतो तेव्हा माय म्हणाली, "पिठल्यावानीच हलवायलास की रे." बरोबर होतं तिचं. गुठळ्यांची भीती बाळगू नका, तो हात तुमच्याकडे आहे.

हलवत उकळी आणा आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं शिजू द्या. पळीच्या पाठीवर सॉस धरला पाहिजे. बोटाने रेघ मारली तर ती तशीच राहते. आता गॅस बंद. बारीक नाही, बंद. पातेलं गरम शेगडीवरून खाली उतरवा. बुडबुडे पूर्ण थांबू द्या, दोन-तीन मिनिटं जातील. किसलेलं चीज फ्रिजमधून थेट घालू नका, पंधरा मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा. मूठ-मूठ घाला, आधीची विरघळली की पुढची. पुन्हा गॅस लावायचा मोह होईल. लावू नका. शेवटची मूठ विरघळलीच नाही तर पातेलं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा.

मीठ सगळ्यात शेवटी आणि चव बघूनच, चीज मुळातच खारट असतं. चिमूटभर मोहरीची पूड आणि पुरणात घालतो तसं थोडं जायफळ. फ्लॉवरला जायफळ फार शोभतं.

चेडर सगळीकडे मिळत नाही. तालुक्याच्या डेअरीत क्यूब आणि स्लाइसच असतात. क्यूबचा सॉस वाईट नसतो, चव जरा सौम्य असते एवढंच. चेडर मिळालं तर मी 50 ग्रॅम चेडर आणि एक क्यूब असं घेतो. त्या एका क्यूबमधला क्षार सगळ्या सॉसला सांभाळतो. काही शेफ याला पळवाट म्हणतात. मला ते पटत नाही. यात का होतं ते कळून केलेलं काम आहे. पळवाट म्हणजे गार दुधात कॉर्नफ्लोअर कालवून, चीज टाकून सगळं एकदम मायक्रोवेव्हमध्ये फिरवणं. ते करू नका, त्यातून हाताला काहीच कळत नाही. मोझरेलाही नको, त्याच्या तारा निघतात. पनीर वितळत नाही, त्याचा इथे विचारच सोडा.

आपल्याकडे दूध बहुधा म्हशीचं. त्यात चरबी जास्त, म्हणून सॉस जड आणि तेलकट होतो. साय काढा आणि दुधात पाव वाटी पाणी मिसळा, किंवा 3 टक्के फॅटचं टोन्ड दूध घ्या. मे महिन्यात सकाळचं दूध संध्याकाळी वापरणार असाल तर आधी वेगळं तापवून बघा. नासायला आलेलं दूध सॉसमध्ये फाटलं की तुम्ही उगाच चीजला दोष द्याल.

भाजी वाफवा, उकडू नका. हे मी लातूरला शिकलो. 2016 च्या उन्हाळ्यात आत्याकडे होतो, शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं. भाजी उकडायला पातेलंभर पाणी कुणी देणार नव्हतं. आत्या दोन पेले पाण्यावर चाळणी ठेवून वाफवायची. फ्लॉवरचे तुरे तसे सहा-सात मिनिटांत होतात, दांड्यात सुरी जाते पण तुरा मोडत नाही. नंतर फडक्यावर पसरून कोरडे करा. उकडलेला फ्लॉवर पोटात पाणी धरतो आणि ते ताटात सॉसखाली सोडतो. चांगला सॉसही मग पाणचट दिसतो.

फुटलाच तर? नुसतं तेल सुटू लागलं असेल तर लगेच आचेवरून काढा, दोन चमचे गार दूध घालून जोरात फेटा, एखादा क्यूब किसून घाला. बहुतेक वेळा सावरतो. दाणे झाले असतील तर ते परत विरघळत नाहीत. गाळून घ्या आणि घरच्यांना वाढा, ऑर्डरीत देऊ नका. माझा त्या सोमवारनंतरही दोनदा फुटला. तुमचाही फुटेल. त्यावरून तुम्हाला हे काम जमणार नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

उरलेला सॉस झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. दुसऱ्या दिवशी तो थापलेल्या वडीसारखा घट्ट झालेला असेल. पातेल्यात आधी दोन-तीन चमचे दूध, मग सॉस, आच अगदी बारीक, हात सतत चालू. कडेला पहिला बुडबुडा दिसायच्या आत खाली उतरवा.