कॅलिफोर्नियात घराच्या बांधकाम-दुरुस्तीसाठी कंत्राटदार नेमण्यापूर्वी परवाना आणि विमा कसा पडताळावा

कॅलिफोर्नियात घराचे छप्पर बदलायचे असो वा स्वयंपाकघर नव्याने करायचे असो, आपली मराठी मंडळी बहुधा ओळखीतून सुचवलेल्या कंत्राटदारालाच काम देतात. ओळखीचा उपयोग जरूर होतो. परंतु परवाना आणि विमा यांची खातरजमा पहिला चेक देण्यापूर्वी स्वतःच करावी.

मजुरी आणि साहित्य मिळून १,००० डॉलर किंवा त्याहून अधिक खर्चाच्या कामासाठी ‘कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड’चा परवाना आवश्यक असतो, २०२५पूर्वी ही मर्यादा ५०० डॉलर होती. काम त्याहून लहान असले, तरी त्यासाठी बांधकाम परवानगी लागत असेल किंवा कंत्राटदार मजूर लावणार असेल, तर परवाना हवाच. परवाना क्रमांक मागून घ्यावा आणि बोर्डाच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा. परवाना ‘ॲक्टिव्ह’ आहे का आणि त्याचा वर्ग आपल्या कामाचा आहे का, हे तेथे कळते: छपरासाठी सी-३९, वायरिंगसाठी सी-१०, प्लंबिंगसाठी सी-३६. दुसऱ्याचा क्रमांक स्वतःचा म्हणून सांगणारेही असतात, म्हणून समोरच्या व्यक्तीचे परवानापत्र आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र त्या नोंदीशी ताडून पाहावे.

त्याच पानावर २५,००० डॉलरच्या बाँडची, म्हणजे कंत्राटदाराच्या हमीच्या रकमेची, नोंद दिसते आणि अनेकांचा घोटाळा येथेच होतो. बाँड म्हणजे विमा नव्हे. ती रक्कम केवळ आपल्यासाठी राखून ठेवलेली नसते, त्या कंत्राटदाराविरुद्धचे इतरांचे दावेही तिच्यातूनच भागवले जातात. शिवाय मजूर जखमी झाल्यास किंवा शेजाऱ्याची भिंत पडल्यास तिचा आधार मिळत नाही.

सर्वांत काळजीपूर्वक वाचावी ती ‘वर्कर्स कॉम्पेन्सेशन’ची, म्हणजे कामगारांच्या नुकसानभरपाई विम्याची नोंद. तेथे ‘एग्झेम्प्ट’ (सवलत) लिहिलेले असेल, तर आपल्याकडे एकही कामगार नाही असे कंत्राटदाराने बोर्डाला लिहून दिलेले असते. तोच कंत्राटदार चार माणसे घेऊन दारात उभा राहिला, तर काम सुरू होऊ देऊ नये, कारण त्यांच्यापैकी कुणी शिडीवरून पडल्यास भरपाईचा दावा घरमालकावर येऊ शकतो. छपराचे काम करणाऱ्यांना तर एकही कामगार नसला तरी हा विमा घ्यावाच लागतो. त्यांच्या नोंदीत सवलत दिसत असेल, तर काहीतरी चुकले आहे असे समजावे.

मालमत्तेच्या नुकसानीसाठी असलेला ‘जनरल लायबिलिटी’ विमा मात्र एलएलसी (मर्यादित दायित्व कंपनी) वगळता परवान्यासाठी सक्तीचा नाही, त्यामुळे तो आहे असे गृहीत धरू नये. विम्याचे प्रमाणपत्र कंत्राटदाराकडून नव्हे, तर थेट त्याच्या विमा एजंटाकडून आपल्या नावे मागवावे, विमा कंपनीचा क्रमांक स्वतः शोधून फोन करावा आणि पॉलिसीची मुदत काम संपेपर्यंत आहे ना, हे विचारावे. आवश्यक विमा खंडित झाल्यास परवानाही निलंबित होऊ शकतो. म्हणून करार करताना पाहिलेली नोंद काम सुरू होण्याच्या दिवशी पुन्हा एकदा उघडून पाहावी.